आणि आईनं काय लिहिलं?

आजी गेल्यावर तिचं गीतांचं पुस्तक माझ्या वाट्याला आलं. त्याला मेणकापडाचं कव्हर आहे, हिरव्या चौकड्यांचं, स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरतात तसलं. कोकणच्या पावसात कागद जगवायचा तर असं काही करावंच लागतं. मधल्या पानांत तिनं लवंगा ठेवल्या होत्या, कसर लागू नये म्हणून. लवंगांचा वास आता उडालाय, पण ज्या पानांत त्या होत्या तिथे तपकिरी ठिपके उरलेत. पुस्तकाचं नाव ‘उपासना संगीत’. मराठी प्रॉटेस्टंट घरांत बायबलाच्या शेजारी हे असतंच, आणि खरं सांगायचं तर बायबलापेक्षा लवकर फाटतं.

आजी गायची छान, पण एका गीताच्या बाबतीत तिचं नि पेटीचं कधी जमलं नाही. नारायण वामन टिळकांचा एक अभंग आहे, आमच्याकडे प्रभूभोजनाच्या रविवारी हमखास म्हणतात. सगळी मंडळी एका चालीत, एका लयीत जायची आणि आजी मागे राहायची. ओळीच्या शेवटचं अक्षर ती असं लांबवायची की पेटीवाले काका दुसऱ्या ओळीवर पोचलेले असायचे, तरी ती पहिल्याच ओळीच्या टोकाला. मग दम घेऊन, जराशी झुकून, पुढची ओळ. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. मला तिच्या शेजारी बसायची लाज वाटायची. ते आठवलं की अजून बोचतं.

आमचं मूळ घर अलिबागजवळ. तिथल्या छोट्या चर्चमध्ये एक पाळकसाहेब होते, त्यांना गीतांमागच्या कथा सांगायचा फार नाद. गीत क्रमांक सांगायच्या आधी ते चष्मा काढून हातात धरायचे, की आम्ही मुलं ओळखायचो, आता गोष्ट येणार. ते सांगायचेही जीव ओतून. एका रविवारी त्यांनी होरेशिओ स्पॅफर्डची गोष्ट सांगितली. शिकागोचा वकील. १८७१ च्या आगीत त्याची बरीच मालमत्ता गेली. दोन वर्षांनी कुटुंब युरोपला निघालं. कामं अडली म्हणून तो मागे राहिला आणि बायको ॲना चार मुलींना घेऊन पुढे गेली. २२ नोव्हेंबर १८७३ च्या रात्री त्यांची ‘व्हिल द्यु हाव्र’ ही बोट अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजावर आदळली आणि थोड्याच वेळात बुडाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. चारही मुली गेल्या. ॲना शुद्ध हरपलेली, एका फळीवर तरंगताना सापडली. किनाऱ्याला पोचल्यावर तिनं नवऱ्याला तार केली : एकटीच वाचले. तो पुढच्या बोटीनं तिला आणायला निघाला आणि ज्या जागी मुली बुडाल्या तिथून जाताना, किंवा त्या प्रवासाच्या आठवणीतून, त्यानं ते गीत लिहिलं. दुःखाच्या लाटा आल्या तरी माझ्या जिवाचं बरंच आहे, अशा अर्थाचं. १८७६ मध्ये फिलिप ब्लिसनं त्याला चाल लावली आणि त्या चालीला नाव दिलं बुडालेल्या बोटीचंच.

चर्चमध्ये कुणीतरी डोळे पुसले. पाळकसाहेब म्हणाले, केवढा हा विश्वास. आम्ही उभं राहून गीत म्हटलं.

घरी येताना आजी गप्प होती. वाडीच्या वळणावर, जिथे चिंचेखाली कायम चिखल असायचा, तिथे साडी उचलून धरत तिनं मला विचारलं, “आणि त्या आईनं काय लिहिलं गं, बाय?”

मी म्हटलं, आईनं काही नाही लिहिलं, बाबांनी लिहिलं.

“बाबा बोटीत नव्हता,” आजी म्हणाली. एवढंच.

मला ते वाक्य कळायला बरीच वर्षं लागली. आजीला बोट म्हणजे काय ते माहीत होतं. १७ जुलै १९४७ ला, आषाढातल्या अमावास्येला, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आमच्याच भागातली माणसं, सणासाठी घरी निघालेली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे चालले होते, त्यांनी मासळी समुद्रात ओतून माणसं होड्यांत घेतली असं आमच्याकडे अजून सांगतात. त्या बोटीत आजीचा थोरला भाऊ होता, वीस वर्षांचा, मुंबईत गोदीत कामाला. तो सापडला नाही. आजी तेव्हा पंधरा वर्षांची. तिची आई, माझी पणजी, त्यानंतर चर्चमध्ये यायची, बसायची, पुस्तक मांडीवर ठेवायची आणि उघडायची नाही. किती दिवस, किती महिने, ते आजीलाही नक्की आठवत नव्हतं. ती फक्त म्हणायची, “पुस्तक मिटलेलं.”

हे सगळं आजीनं मला बोलता बोलता सांगितलं ते मी मोठी झाल्यावर, तांदूळ निवडताना. त्या दिवसापासून गीतांच्या कथा मला वेगळ्या ऐकू येऊ लागल्या. प्रत्येक कथेत एक माणूस लिहितो. आणि त्याच्या बाजूला, जरा अंधारात, आणखी कुणीतरी असतं.

ॲना स्पॅफर्डचं पुढे काय झालं ते मी शोधून वाचलं. तिला नंतर मुलगा झाला, तोही लहानपणीच तापानं गेला. १८८१ मध्ये दोघं काही सोबत्यांबरोबर जेरुसलेमला जाऊन राहिली. नवरा १८८८ मध्ये वारला. ॲनानं ती वसाहत चालवली, आणखी पस्तीस वर्षं. पहिल्या महायुद्धात जेरुसलेममध्ये उपासमार सुरू झाली तेव्हा त्या वसाहतीनं हजारो लोकांना सूप वाढलं. ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, जो येईल त्याला. आजीला हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, आईनं रांधलं.

नोकरीमुळे मी गेली अठरा वर्षं दापोलीत आहे. संध्याकाळी कधी हर्णैला जाते. बंदरावर लिलाव चालू असतो. बर्फाच्या लाद्या फुटत असतात, टोपल्या ओढल्या जात असतात, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग काळा पडत जातो. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट हे स्कॉटिश जोडपं याच हर्णैला मराठी शिकायला येऊन राहिलं होतं. पुढे मुंबईत त्यांनी काढलेल्या शाळा मोठ्या झाल्या, जॉन विल्सनचं नाव कॉलेजला लागलं. मुलींच्या शाळा मात्र मार्गारेटनं उभ्या केल्या आणि १८३५ मध्ये ती मुंबईतच वारली. हर्णैच्या धक्क्यावर उभं राहिलं की मला तीच आठवते. तिशीतली बाई, लाटांच्या आवाजात ‘ळ’ म्हणायचा प्रयत्न करणारी.

संध्याकाळ झाली की आणखी एक बंदर आठवतं, इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरचं ब्रिक्सहॅम. तेही मासेमारीचंच गाव. तिथे हेन्री फ्रान्सिस लाइट हे पाळक होते. कोळ्यांच्या मुलांना रविवारी शिकवायचे. छातीचा विकार जुना, पुढे क्षय. सप्टेंबर १८४७ च्या सुरुवातीला त्यांनी तिथलं शेवटचं प्रवचन दिलं आणि हवापालटासाठी दक्षिणेकडे निघाले. २० नोव्हेंबरला आज फ्रान्समध्ये असलेल्या नीस गावात वारले. संध्याकाळ दाटून येते आहे, तू माझ्याजवळ राहा, हे त्यांचं गीत त्याच दिवसांतलं. गांधीजींना ते फार आवडायचं. दिल्लीत २९ जानेवारीला बीटिंग रिट्रीटमध्ये २०२१ पर्यंत त्याची धून वाजत होती. शेवटच्या प्रवचनाच्या त्या रविवारी संध्याकाळी लाइट यांनी घरातल्या एका जवळच्या माणसाच्या हाती ते गीत दिलं, ही हकीकत जगाला कळली ती त्यांच्या मुलीनं, ॲना मारायानं, वडिलांच्या चरित्रात लिहिली म्हणून. आणि त्या गीताची चाल? ती १८६१ मध्ये विल्यम हेन्री मंकनं बांधली. मोठ्या दुःखाचे दिवस होते, आम्ही दोघं रोज सूर्यास्त बघायचो, शेवटचा किरण गेला तेव्हा त्यांनी कागद घेऊन ही चाल टिपली, हे पुढे त्याच्या बायकोनं सांगितलं. शब्दांची गोष्ट मुलीनं जपली, सुरांची बायकोनं. त्या दोघींनी तोंड उघडलं नसतं तर आपल्या हाती नुसतं एक सुंदर गीत राहिलं असतं आणि त्याच्या मागची संध्याकाळ हरवली असती.

जोसेफ स्क्रिव्हनचं तसंच. येशू हा आपला मित्र आहे असं सांगणारं त्याचं गीत मराठीत लहान मुलंही म्हणतात. हा माणूस आयर्लंडचा, लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची वाग्दत्त वधू बुडून मेली. तो कॅनडात गेला. १८५५ मध्ये आयर्लंडमध्ये आई आजारी आहे असं कळलं, त्याला जाता येईना, म्हणून त्यानं तिला या ओळी लिहून पाठवल्या. छापण्यासाठी लिहिल्याच नव्हत्या. ते एका आजारी बाईला घातलेलं पत्र होतं. आजारी माणसापाशी बसून हे गीत म्हटलं की ते कसं बरोबर बसतं, ते मी पाहिलंय.

आता टिळकांकडे येते. त्यांच्याबद्दल मला घाईत लिहिता येत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आमच्या दापोली भागातले. ६ डिसेंबर १८६१ ला करजगावी जन्मले. इथल्या बहुतेकांना ते शाळेतल्या ‘केवढे हे क्रौर्य’ कवितेमुळे माहीत असतात. बाण लागलेली ती पक्षीण, पिलांसाठी शेवटचा घास घेऊन कशीबशी घरट्यापर्यंत येणारी. अकरा वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कडक स्वभावाचे. मुलगा घर सोडून नाशिकला गेला आणि संस्कृत शिकला. नंतरही त्यांचा पाय घरात टिकला नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाशी बोलणं झालं. त्यानं नवा करार हातात दिला. टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले आणि तिथून त्यांना पुढे-मागे होता येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पाळकसाहेब ही गोष्ट इथेच संपवायचे. चष्मा डोळ्यांवर चढायचा. गीत क्रमांक अमुक.

पण १८९५ मध्ये टिळकांची बायको, लक्ष्मीबाई, कुठे होत्या? माहेरच्या माणसांत, कडेवर तीन-चार वर्षांचा दत्तू. जालालपूरच्या गोखल्यांची मुलगी, अकराव्या वर्षी लग्न झालेली, अतिशय सोवळ्या घरात वाढलेली. नवरा मेला असता तर काय करायचं ते समाजाला माहीत होतं. नवरा जिवंत आहे आणि ख्रिस्ती झालाय, याला रीतच नव्हती. चार-साडेचार वर्षं त्या अशा राहिल्या. नाशिक, पंढरपूर, नातेवाइकांच्या दारांत. लिहिणं-वाचणं जेमतेम येणारी ही बाई त्याच काळात कविता करू लागली. विरहाच्या, रडण्याच्या. मला वाटतं मराठी ख्रिस्ती गीतांचा खरा आरंभ शोधायचा तर तिथे शोधावा, आणि गंमत म्हणजे तेव्हा ती बाई ख्रिस्ती नव्हती.

पुढे त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण स्वतःचं सोवळं, स्वतःचं पाणी, स्वतःची चूल घेऊन. धर्म बदलायचा म्हणून त्या गेल्या नव्हत्या. मन बदललं ते राहुरीला, एकटं बसून विचार करताना : जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर जनावरांसारखा माणसांच्या शरीरात फरक दिसला असता. उत्तर मिळालं आणि त्यांनी त्या घटकेपासून शिवाशीव टाकली. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा प्रसंग ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचताना मला दर वेळी जाणवतं, कुणी पुस्तक दिलं नाही, कुणी प्रवचन केलं नाही. बाईनं स्वतःच्या डोक्यानं गाठ सोडवली.

टिळकांवर माझा राग होता. पुष्कळ वर्षं होता. बायको-मुलाला न सांगता एवढं मोठं पाऊल उचलणारा माणूस प्रेमाचे अभंग लिहितो कसा, असं वाटायचं. आता तितका नाही. कारण त्या अभंगांत मला घर सोडलेल्या माणसाची घराची ओढ ऐकू येते. साहेबांच्या चालींवर मराठी शब्द ताणून बसवलेली गीतं तेव्हा चर्चमध्ये चालत होती. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन-भजनाचा ढंग आणला. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. घर सोडून गेलेला माणूस देवाशी बोलायला लागला तो आजीच्या, आईच्या भाषेतच. राग कमी झाला, तरी लक्ष्मीबाईंचा हिशेब मी विसरत नाही. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १०-११ अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला कधी धड अक्षर गिरवायला मिळालं नव्हतं, तिनं!

ओवीचं म्हणाल तर ती चर्चमध्ये टिळकांच्याही आधी तीन शतकं आली होती, याच किनाऱ्यावर, खाली गोव्याकडे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्याला उतरला, साष्टीत राहिला, मराठी अशी शिकला की १६१६ मध्ये राशोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ ११ हजार ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ म्हणत मराठीची स्तुती त्यानं केली ती आपण शाळेत पाठ करतो. मला मात्र त्या ग्रंथाच्या सुरुवातीचा प्रसंग जास्त आवडतो. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला आम्हाला काही का देत नाही? त्या मागणीतून पुराण जन्मलं. अकरा हजार ओव्यांच्या मागे एका माणसाचं रिकामपण आहे. बाप्तिस्मा घेऊन घरी आला आणि संध्याकाळी काय म्हणावं ते कळेना, असा माणूस.

आमच्या पणजीलाही तसंच झालं असेल का? म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

तांदूळ निवडताना आजीनं सांगितलेलं पुढचं असं. ‘रामदास’ बुडाल्यानंतरचा पाऊस संपला, भात झोडून झालं, नवे तांदूळ आले. पणजी पहाटे जात्यावर बसली. आजी समोरून खुंट्याला हात लावून. घासावर घास पडत होते, पीठ पाळूभोवती सांडत होतं. आणि आईच्या तोंडून आवाज यायला लागला. आधी आजीला वाटलं हुंदका. मग कळलं, ती गाते आहे. टिळकांचा अभंग होता, चर्चमधलाच, पण चाल चर्चची नव्हती. ती जात्याची चाल होती. एक ओळ म्हणजे जात्याचा एक फेरा. खुंटा आपल्याकडे ओढताना शब्द, पलीकडे जाताना शेवटचं अक्षर लांब, लांब, आणि फेरा पुरा झाला की दम. “मी पण म्हटलं मग,” आजी म्हणाली, “तिच्या मागनं. रडत नव्हतो दोघी. पीठ दळत होतो.”

निवडलेले तांदूळ सुपात ओढत ती म्हणाली, “तुझ्या त्या पेटीला ते येत नाय.”

दापोलीत आम्ही आठ-दहा घरं रविवारी एकाच्या ओटीवर उपासनेला जमतो. पाळक महिन्यातून एकदा येतात. पेटी मी वाजवते. या पावसात तिचा एक काळा सूर बसला, चिपळूणला दुरुस्तीला न्यायची आहे. गेल्या प्रभूभोजनाच्या रविवारी तो अभंग आला तेव्हा मी भाता चालवला नाही. मंडळींना म्हटलं, आज माझ्या आजीच्या चालीत म्हणू या, मी पहिली ओळ म्हणते. मला वाटलं होतं कुणाला जमणार नाही. पण कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, माझी ओळ संपायच्या आत, शेवटचं अक्षर उचललं आणि उजवा हात मांडीवरून नकळत गोल फिरवायला सुरुवात केली.